ताप घरात, उपाय गोठ्यात

मामीची शेळी चौथ्या महिन्यात गाभडली तेव्हा घरात कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. सांगोला तालुक्यातलं कोरडवाहू गाव, दारात आठ-दहा उस्मानाबादी शेळ्या. दरसाल एखादी गाभ टाकायचीच. जार, म्हणजे वार, अडकला होता. मामीनं हाताला गोडेतेल लावलं, हात आत घालून जार हळूहळू मोकळा केला, मेलेलं करडू आणि जार उचलून बांधापलीकडं टाकला, राखेनं हात घासले आणि चुलीपुढं भाकरीला बसली. आदल्या दिवशी खुरपं लागून उजव्या हाताचं बोट कापलं होतं, हे तिला फार उशिरा आठवलं.

तीन आठवड्यांनी ताप सुरू झाला. सकाळी बाई ठणठणीत, दिवस कलला की हुडहुडी, अंग मोडून ताप, आणि मध्यरात्री इतका घाम की पातळ पिळून काढावं. गावातल्या दवाखान्यात रक्त तपासलं, विडाल चाचणीवरून टायफॉइड ठरला. सलाईन झालं, गोळ्या झाल्या, ताप गेला. पंधरा दिवसांनी परत आला. पुन्हा टायफॉइड. मग कंबर धरली, उठता-बसता कळ यायला लागली, तेव्हा कुणी मणक्याचा टीबी म्हणालं, कुणी बाहेरचं म्हणालं. चार महिने असे गेले. शेवटी सोलापुरात एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत का? एवढ्यात कुठली गाभडली होती का?" त्या एका प्रश्नानं रोग सापडला. ब्रुसेलोसिस. आपल्याकडं जनावरांच्या दवाखान्यात याच रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. सहा आठवडे दोन औषधं घेतली आणि मामी उभी राहिली.

बघायला येणारा जो तो एकच बोलायचा, "जनावरांत वाढलेली बाई, हिला कसं काय झालं? हिच्या अंगात तर ताकद आहे." या वाक्याशी माझं भांडण आहे. जनावरांच्या सहवासात वाढलेल्या माणसाला जनावरांचे रोग बाधत नाहीत, हा समज आपल्या सोलापूर जिल्ह्यात फार खोलवर रुजलेला आहे. आणि करोनाच्या साथीपासून 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा मंत्र भिंतीभिंतींवर आल्यावर त्याला नवं बळ मिळालं. तालमीतल्या पोरांना आजही वस्ताद धारोष्ण दुधाचं महत्त्व सांगतात. आपली पंढरपुरी म्हैस, तलवारीसारख्या लांब शिंगांची, तर कोल्हापुरात ओळखली जाते ती दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला भरून देणारी म्हणून. त्या पेल्यात ताकद आहे, खोटं नाही. पण त्या म्हशीच्या अंगात ब्रुसेला, म्हणजे मामीला झालेल्या रोगाचा जंतू, असेल तर त्याच पेल्यात तोही असू शकतो, आणि पिणाऱ्याचे दंड किती घोटीव आहेत हे तो बघत नाही.

प्रतिकारशक्ती हा शब्दच थोडा फसवा आहे. त्यातल्या 'शक्ती'मुळं आपल्या डोळ्यांपुढं पैलवान उभा राहतो. शरीरात जे चालतं ते बरंचसं ओळख पटवण्याचं काम असतं. आपलं कोण, परकं कोण, हे आधी ठरतं आणि मारामारी मग होते. अनेक जंतूंच्या अंगावर एक चरबीयुक्त आवरण असतं. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर पहारेकरी बसवल्यासारखे रेणू असतात, त्यांना या आवरणाचा स्पर्श झाला की तासाभरात धावाधाव सुरू होते, ताप चढतो, भक्षक पेशी गोळा होतात. ब्रुसेलाच्या आवरणाची ठेवण अशी आहे की हे पहारेकरी त्याला जवळजवळ ओळखतच नाहीत. जंतू आत शिरला तरी गलका होत नाही. मामीला तीन आठवडे काहीच जाणवलं नव्हतं ते यामुळं.

भक्षक पेशी त्याला गिळतात, हे खरं. गिळलेल्यांतले बरेचसे मरतातही. भक्षक पेशीत गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो, आणि जहाल पाचक रसांनी भरलेली दुसरी पिशवी येऊन तिला मिळते, तेव्हा जंतूचा चोथा होतो. उरलेले ब्रुसेला हे मीलनच होऊ देत नाहीत. ते आपली पिशवी पेशीच्या आतल्या अशा भागात नेऊन लावतात जिथं पेशी स्वतःची प्रथिनं तयार करते, आणि तिथं निवांत वाढतात. म्हणजे ज्यानं चोराला धरायचं त्याच्याच माजघरात चोर राहायला गेला. भक्षक पेशी तर अंगभर फिरणाऱ्या. त्यांच्या पाठीवर बसून जंतू प्लीहेत जातो, यकृतात जातो, हाडांच्या मगजात जातो, कंबरेच्या सांध्यात जातो. क्वचित हृदयाच्या झडपेवर बसतो, आणि या रोगानं जे थोडे मृत्यू होतात ते मुख्यतः तिथंच.

शरीर हातावर हात ठेवून बसलेलं नसतं. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार होतात. रक्तचाचणीत सापडतात त्या याच. पण अँटिबॉडी रक्तात फिरतात, आणि जंतू पेशीच्या आत. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे शरीरानं जंतू पाहिला एवढंच कळतं. खरी लढाई टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींची. त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचा निरोप धाडतात, आणि त्या निरोपानं भक्षक पेशी जाग्या होऊन आपल्याच पोटातल्या पाहुण्याला मारायला लागतात. हे घडायला वेळ लागतो आणि घडलं तरी ते सगळीकडं सारखं होत नाही. कुठं जंतू दबतो, कुठं पुन्हा उसळतो. लाटांसारखा चढउतार होणारा ताप हे त्या ओढाताणीचं बाहेर दिसणारं रूप. औषधंही दोन आणि सहा आठवडे लागतात, कारण पेशीत शिरून काम करणारीच औषधं हवीत. ताप उतरला म्हणून तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सोडणाऱ्याकडं हा रोग परत येतो.

या सगळ्यात काढा, च्यवनप्राश, अंडी, बदाम कुठं बसतात? माणूस उपाशी असेल, अशक्त असेल तर चांगलं खाणं त्याला हवंच. पण धडधाकट माणसाच्या टी-पेशींना आणखी पैलवान करून ब्रुसेला अडवता येतो, असं काही नाही. माणसासाठी या रोगाची लसही आपल्याकडं नाही.

जनावरांच्या सहवासाची बाजू मांडणाऱ्यांकडं दोन चांगले मुद्दे आहेत, आणि ते झटकून टाकणं बरोबर नाही. पहिला एडवर्ड जेन्नरचा. गाईंची धार काढणाऱ्या बायकांच्या हातावर गोस्तनदेवीचे, म्हणजे गाईच्या सडांवरच्या देवीचे, फोड यायचे, मग त्यांना मोठी देवी येत नसे. १४ मे १७९६ रोजी जेन्नरनं अशा एका बाईच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या मुलाला टोचला आणि तिथून लसीची सुरुवात झाली. मुंबईत १८०२ साली तीन वर्षांच्या मुलीला ती लस टोचली गेली, ती भारतातली पहिली. म्हणजे गोठ्यानं माणसाला प्रतिकारशक्ती दिली, हे इतिहासात घडलेलं आहे. पण ते घडलं कारण गोस्तनदेवी सौम्य होती आणि तिची ठेवण मोठ्या देवीशी इतकी जुळणारी होती की एकीची ओळख दुसरीला पुरली. लपून बसणाऱ्या जंतूकडून अशी भेट मिळत नाही. दुसरा मुद्दा आजचा आहे. युरोपातल्या शेतकरी घरांतल्या, गोठ्यात वावरणाऱ्या मुलांना दमा आणि ॲलर्जी कमी होते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मला हे पटतं. लहानपणी धुळीची, शेणाची, जनावरांच्या अंगावरच्या निरुपद्रवी जंतूंची ओळख झालेलं शरीर पुढं उगाच फुलाच्या परागावर तुटून पडत नाही. ती ओळख दम्यापुरती कामाची. तिनं ब्रुसेला अडत नाही, रेबीज अडत नाही. पोरांना गोठ्यात जरूर खेळू द्यावं. त्यासाठी कच्चं दूध पाजायची गरज नाही.

माल्टाची गोष्ट इथं सांगायलाच हवी. भूमध्य समुद्रातलं हे बेट, तिथं ब्रिटिशांची छावणी. तरणेबांड सोल्जर महिनोन्‌महिने तापानं अंथरुणाला खिळायचे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं मेलेल्या सोल्जरांच्या प्लीहेतला जंतू जगापुढं मांडला, ब्रुसेला हे नाव त्याचंच. पण जंतू येतो कुठून हे कळायला आणखी अठरा वर्षं लागली. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच डॉक्टरला तो शेळ्यांच्या रक्तात सापडला. शेळ्या दिसायला अगदी निरोगी होत्या, दारोदार नेऊन त्यांचं दूध काढून दिलं जायचं. १९०६ मध्ये छावणीत शेळीचं दूध बंद केलं, आणि सोल्जरांमधला ताप झपाट्यानं ओसरला. ना नवं औषध, ना लस, ना सोल्जरांच्या अंगात नवी ताकद. पुढं अमेरिकेत ॲलिस इव्हान्सनं १९१८ मध्ये दाखवलं की गाईंना गाभडवणारा जंतू आणि माल्टाचा जंतू जवळचे नातलग आहेत, तेव्हा दूध तापवूनच विकलं पाहिजे. बाई, त्यातून डॉक्टरेट नसलेली, म्हणून तिचं कुणी मनावर घेतलं नाही. प्रयोगशाळेत काम करताना तिला स्वतःलाच हा रोग झाला आणि कित्येक वर्षं तो तिला छळत राहिला.

आपल्या मराठी घरात दूध उकळल्याशिवाय वापरतच नाहीत, सायीसाठी का होईना. डेअरीचं दूध पाश्चराइज होऊनच येतं. त्यामुळं सोलापूर शहरातल्या साखर पेठेत किंवा सात रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला दुधातून हा धोका नगण्य आहे, आणि हे वाचून कुणी दूध सोडू नये. उकळीनं गिऱ्हाईक वाचतं. पण ज्या बाईचा हात गाभण शेळीच्या पोटात जातो, जी उकिरड्यावर जार टाकते, जिच्या तोंडावर व्यायच्या वेळी पाण्याचे शिंतोडे उडतात, तिला उकळी कशी वाचवणार? गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या यांच्या जारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते आणि ब्रुसेलाला ती भारी मानवते. गाभडलेल्या जनावराच्या जारेत एका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू असू शकतात. त्यातले दहा-शंभर श्वासातून गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. म्हणजे या रोगाचा मोठा भार पडतो तो दूध पिणाऱ्यावर नाही, पिकवणाऱ्यावर. धनगर, गवळी, रोजानं धारा काढायला जाणारे गडी, पशुवैद्यक, त्यांचे मदतनीस. आणि माझ्या पाहण्यात तरी सगळ्यांत जास्त बायका, कारण शेळी ही घरात बाईची असते.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी पाच वर्षांना १३,३४३ कोटी रुपये मंजूर झाले. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदा ब्रुसेलाची लस द्यायची, कानात बारा आकडी बिल्ला मारायचा. ही योजना चांगली आहे. जिवंत पण दुबळा केलेला जंतू लहान वयात दिला की वासराच्या टी-पेशी त्याच्यावर घडतात आणि पुढं गाभ टिकतो. माणसाच्या अंगात जे उशिरा आणि अर्धवट होतं, ते वासराच्या अंगात वेळेवर घडवून आणायचं. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळं काही देशांनी केलं तसं बाधित गाई मारून रोग संपवण्याचा रस्ता आपल्याला नाही. लस हाच आपला मोठा आधार.

पण ब्रुसेलापुरती ही योजना गाई-म्हशींची आहे. शेळ्या-मेंढ्यांना त्यात ब्रुसेलाची लस नाही. माणसाला सर्वांत जास्त बाधणारी ब्रुसेलाची जात कोणती, तर मेलिटेन्सिस, शेळ्या-मेंढ्यांमधली, माल्टातली तीच. सांगोला, मंगळवेढा, करमाळा, दक्षिण सोलापूर हे तालुके डोळ्यांसमोर आणा. पाऊस हुलकावणी देतो तेव्हा घर चालवते ती शेळीच. तिच्यासाठी रेव्ह-१ नावाची लस जगात कित्येक दशकांपासून वापरात आहे. अडचणी आहेत. गाभण जनावराला दिली तर ते गाभडू शकतं, म्हणून करडांना-कोकरांनाच द्यावी लागते. लस जिवंत असल्यानं टोचणाऱ्याला सुई लागली तर त्यालाच रोग होऊ शकतो. मेंढ्यांचे कळप वर्षातले कित्येक महिने वाड्यावर नसतातच. कठीण आहे, मान्य. पण कठीण आहे म्हणून शेळीला वगळायचं, तर योजनेतून माझी मामीच वगळली जाते. निदान ज्या गावांत शेळ्या वारंवार गाभडतात तिथून तरी सुरुवात व्हावी.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी, म्हणून तिचा जास्त राग येतो. गावात जनावरांचा दवाखाना आहे, माणसांचं आरोग्य केंद्र आहे, दोन्हीकडं वह्या आहेत. एकीत लिहिलेलं असतं, अमक्याची म्हैस गाभडली. दुसरीत महिन्याभरानं लिहिलेलं असतं, अमक्याच्या बायकोला ताप. दोन वह्या कधी शेजारी ठेवल्या जात नाहीत. पशुसंवर्धन आणि आरोग्य, दोन्ही विभाग एकाच जिल्हा परिषदेत आहेत. गाभडल्याची नोंद झाली की आशाताईला निरोप जावा, तिनं त्या घरात दोन महिने तापाची चौकशी ठेवावी. आणि उलट, दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या तापात डॉक्टरांनी जनावरांचा प्रश्न विचारावाच. रोझ बेंगाल नावाची चाचणी आहे, कार्डावर रक्ताच्या पाण्याचा एक थेंब आणि गुलाबी रसायनाचा एक थेंब, चार मिनिटांत गुठळ्या दिसतात की नाही ते बघायचं. ती काही महागडी नाही. ती ग्रामीण रुग्णालयात असती तर मामीचे चार महिने वाचले असते, आणि टायफॉइडच्या नावाखाली गेलेले पैसेही.

दूध संकलन केंद्रावर तर याहून सुंदर सोय होऊ शकते. गाईचं शरीर ब्रुसेलाविरुद्ध ज्या अँटिबॉडी बनवतं त्या दुधात उतरतात. परीक्षानळीत थोडं दूध घ्यायचं, त्यात रंगवलेल्या मेलेल्या ब्रुसेलाचा थेंब टाकायचा आणि तासभर कोमट ठेवायचं. अँटिबॉडी असतील तर त्या रंगीत जंतूंना पकडतात आणि सायीबरोबर वर येतात. पांढऱ्या दुधावर निळं-जांभळं कडं उभं राहतं. नसतील तर दूध निळसर आणि वरची साय पांढरीच. मी हे एकदा पाहिलं आहे आणि विसरू शकलेलो नाही. मुकं जनावर बोलल्यासारखं वाटतं. चिकाच्या किंवा दगडी झालेल्या कासेच्या दुधात ही चाचणी फसू शकते, शेळीच्या दुधाला ती भरवशाची नाही. पण गाई-म्हशींच्या गोळा दुधावर वर्षातून चार वेळा केली तर कोणत्या गावात गोठे तपासायचे ते कळेल. जिथं रोज दोन वेळा फॅट मोजतात त्याच टेबलावर हे होऊ शकतं.

मग कडं दिसलेल्या गोठ्याचं काय करायचं? इथं प्रश्न पैशाचा होतो. गाभडलेली गाय दूध कमी देते, पुन्हा लवकर गाभ धरत नाही, आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज असतं. तिला बाजूला बांधून पोसायला त्याच्याकडं वैरण नाही. तो तिला बाजार दाखवतो. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. म्हणून बाधित जनावर विकू नये असा नियम लिहून भागणार नाही. ते जनावर वेगळं ठेवणाऱ्याला किंवा स्वाधीन करणाऱ्याला बाजारभावाच्या जवळ जाणारी रक्कम रोख आणि महिन्याभरात मिळाली पाहिजे. तोवर लोक गाभडलेलं लपवणार, आणि लपवलेला रोग सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातून, पंढरपूरच्या कार्तिकीच्या बाजारातून, दावं सोडून दुसऱ्या जिल्ह्यात जाणार.

मामी आता जार काढताना खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा घालते. तो नसला तर पिशवी गुंडाळते. जार कुत्र्यांच्या तोंडी लागू नये म्हणून खड्डा खोल घेते, वर चुना टाकते. शेजारणींना ती हे सांगते तेव्हा सुरुवातीला त्या हसायच्या, हल्ली विचारायला येतात. परवा मी तिला विचारलं, ती गाभडलेली शेळी कोणती? गोठ्यात दिसत नाही. मामा म्हणाले, ती तर तेव्हाच पंधरा दिवसांत आठवडी बाजारात दिली, रोगाचं आम्हाला कुठं ठाऊक होतं. घेणारा कोण होता, कुठल्या गावचा, ते त्यांना आठवत नाही. एवढंच आठवतं की त्याच्याबरोबर एक लहान मुलगी होती आणि दावं तिच्या हातात होतं.